अकरा दातांचा सौदा

माझे सासरे माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, तोंडाच्या आत बघून बोलत. समोरचा हसला, शिंकला, त्याने जांभई दिली, की ह्यांची मान जरा तिरकी व्हायची आणि नजर थेट दाढेपर्यंत जायची. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा आपलं बोलणं किती मन लावून ऐकतोय. म्हातारा ऐकतच नसायचा. तो दात मोजत असायचा.

धंदाच तसा होता. निपाणीच्या भागात बैलांची खरेदी-विक्री करून देणाऱ्याला हेडी म्हणतात. घरात ते आप्पा आणि गावात हेडीआप्पा. बैलाचं वय त्याच्या खालच्या दातांवरून कळतं. पक्के दात आलेच नसले तर तो आदत, दोन आले की दोनदाती, मग चार, मग सहा, आणि आठही आले की बैल जुळला. विकणारा शिंगांना तेल लावून आणू दे, अंगाला साबण लावून आणू दे, आप्पा एका हाताने जबडा धरायचे, अंगठा बाजूने आत सारायचे आणि एक नजर टाकून पुढच्या बैलाकडे जायचे. चिकोडीकडचा शेतकरी असला तर आधी त्यालाच "बाय तेगी" म्हणायचे, म्हणजे कानडीत तोंड उघड. तो बिचारा बैलाचं उघडायच्या आधी स्वतःचं उघडायचा.

"बाकीचं अंग खोटं बोलतंय. तोंडाला ते जमत न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसांच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे, असं मी एकदा म्हणाले. "मी दातांचं बोलतोय, जिभेचं न्हाय," असं म्हणून त्यांनी माझ्या जिभेकडे असं काही बघितलं, की मी भाकरी थापायला निघून गेले.

मला बघायला ते येळ्ळूरला आमच्या घरी आले, तेव्हाही त्यांनी आपला धंदा बाहेर चपलांपाशी ठेवला नव्हता. बाकीच्या पाहुण्यांनी शिक्षण विचारलं, शाळेतली नोकरी विचारली, स्वयंपाक येतो का विचारलं. हे म्हणाले, "पोरी, जरा हस बघू." मी ओठ मिटून हसले. "आसं न्हवं. मोकळं." माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यासमोर जाऊन दोन्ही ओठ ताणून चांगला मोठा आ केला. आईच्या हातातली पोह्यांची बशी पडता पडता राहिली. आप्पा मात्र खूश झाले. वाकून नीट बघितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, डाव्या अंगाची खालची दाढ किडलीया. लग्नाआधी भरून घ्या. बाकी पोरगी बेस हाय."

"बैल घ्यायला आलाय का?" असं वडील त्यांच्या तोंडावर म्हणाले. पण दाढेचं खरं होतं. सहा महिने ती ठणकत होती आणि इंजेक्शनच्या भीतीने मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सख्ख्या आईला जे कळलं नाही ते ह्या परक्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं, ह्याचा मला रागही आला आणि खरं सांगायचं तर आधारही वाटला. नवऱ्याचा चेहरा त्या दिवशी मी धड बघितलाच नाही. सासरा बघून लग्न केलेली मी पंचक्रोशीतली एकटीच असेन.

लग्नानंतर कळलं, की ही नजर नुसती वय ओळखून थांबत नाही. गावातले एक मास्तर रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर पेपर वाचायला यायचे. एकदा बातमी वाचून ते मोठ्याने हसले आणि आप्पांची मान तिरकी झाली. "मास्तर, हिरड्या सुजल्यात तुमच्या. पुढचं दोन दात हालाय लागलेत. वय पन्नास न्हाय अजून. आतनं कायतरी खातंय तुमास्नी." मास्तर चिडले. आपण रोज दोनदा पेस्ट लावतो, तुम्ही राखुंडी लावणारे आम्हाला काय सांगता, असं बरंच बोलले आणि आठवडाभर आले नाहीत. मग आले ते गोळ्यांचं पाकीट घेऊनच. साखर चांगलीच वाढलेली निघाली होती. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर ऐकत नाही, दोघींचं संगनमत असतं. आप्पांना ह्यातलं शास्त्र काही ठाऊक नव्हतं. पण तोंडातून येणारा वास आणि अवेळी हलणारा दात बघून आत काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळायचं, कारण खंगलेल्या बैलात त्यांनी तेच बघितलेलं होतं.

तेव्हापासून आमचा कट्टा म्हणजे फुकटचा दवाखाना झाला. बाया पदर तोंडावरून काढून, गडी तंबाखूची गोळी थुंकून समोर उकिडवे बसायचे. एका होतकरू नवऱ्या मुलाचा आ बघून आप्पांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "अठ्ठावीस सांगत्यात व्हय? जुळून लई वर्सं झाली त्याला." ते लग्न मोडलं. दोन्ही घरांनी आम्हाला शिव्या घातल्या, एका घराने पुढे येऊन साडीही नेसवली.

एवढं सगळं चालायचं, पण खुद्द आप्पांच्या तोंडात कोणी बघितलं होतं? सासूबाईंनी नाही, पोटच्या पोरानं नाही. ते हसताना तोंडावर टॉवेल धरायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याची रीत आहे. हेड्याला आ कर म्हणायची कोणाची छाती?

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा त्यांना ताप यायला लागला. मोठा नाही, अंगात मुरलेला, संध्याकाळी चढणारा आणि पहाटे घाम आणून उतरणारा. निपाणीतल्या एका डॉक्टरने टायफॉइड म्हटलं, दुसऱ्याने मलेरिया म्हटलं. सासूबाईंनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या, आणि तिघांच्याही उपायाने सारखाच फरक पडला, म्हणजे काडीचाही नाही. दोन महिन्यांत आप्पांचा सदरा त्यांच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसायला लागला. शेवटी नवऱ्याने त्यांना गाडीत घालून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्ही दोनदा विचारून घेतलं. आप्पांच्या हृदयातल्या एका झडपेला लहानपणीच्या कुठल्या तरी तापाने खोट राहिली होती. तिने साठ वर्षं मुकाट काम केलं होतं. पण हिरड्या वर्षानुवर्षं सडत होत्या, तिथले जंतू रक्तात उतरले आणि ह्या दुखऱ्या झडपेवर जाऊन त्यांनी घर केलं. कित्येक आठवडे शिरेतून औषध देऊन जंतू मारले. झडप मात्र गळकी झाली ती झालीच. ती बदलायची होती. आणि बदलायच्या आधी तोंड साफ करायचं होतं, कुजलेले दात काढायचे होते. नाहीतर नव्या झडपेवरही तेच जंतू जाऊन बसतील, असं डॉक्टर म्हणाले.

"दुकनं छातीत आन् खोदायचं तोंडात?" आप्पांनी विचारलं.

"दोन्ही एकच आहे, काका," डॉक्टर म्हणाले. "रक्त काय पाटी वाचून फिरत नाही, ही छाती आणि हे तोंड म्हणून."

आप्पा हो म्हणाले, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले. छाती फाडायला त्यांची हरकत नव्हती. करवतीने हाड कापणार हे ऐकूनही त्यांनी चहा मागितला होता. पण दात काढायचा नाही. एकही नाही. नवऱ्याने समजावलं, मग ओरडला, मग रडला. सासूबाईंनी दोन दिवस अन्न सोडलं. मास्तर येऊन साखरेवर आणि हिरड्यांवर तासभर व्याख्यान देऊन गेले. आप्पा ढिम्म.

कारण काय, ते मलाच सांगितलं, एका दुपारी, मी त्यांच्या पायावर आलेली सूज बघत होते तेव्हा. सूज बोटाने दाबली की खड्डा पडत होता आणि तो खड्डा भरून यायला बराच वेळ लागत होता.

"दात गेलेल्या जनावराकडं बाजारात कोण येतंय, ठावं हाय न्हवं तुला?" ते म्हणाले.

मला ठाऊक होतं. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं. जो येतो तो शेतीसाठी येत नाही.

"आप्पा, तुम्ही बैल न्हाय," मी म्हणाले.

"चाळीस वर्सं दात बघून किंमत सांगितली मी. दात न्हाय तर किंमत न्हाय, हे माज्याच तोंडानं सांगितलं. आता माझी किंमत मी काय सांगू?"

मला रडूही आलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. अहो, दोन नातवंडं अंगणात खेळतायत, बायको उपाशी बसलीय, आणि हा माणूस स्वतःला बाजारात उभा करून स्वतःचा जबडा तपासतोय. मी म्हणाले, "तुमची किंमत ठरवणारे तुम्ही कोण? घर काय तुमास्नी इकायला काढतंय?" त्यांनी पाय माझ्या हातातून ओढून घेतला. मी दिसेल त्याच्या पाया पडून त्यांना समजवायला आणत होते, आणि असे पाच महिने गेले. पाच महिने. पायांची सूज पोटरीवर आली, आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टर म्हणाले, आता आणखी थांबलात तर ऑपरेशन झेपणार नाही. आप्पा मरणार होते, आणि तेही दातांसह, अगदी बाजारभावाने.

मग मी ठरवलं, समजावणं बास झालं. हेड्याला समजावतात थोडंच. हेड्याशी सौदा करतात. बेळगावात दातांच्या एक तरुण डॉक्टरबाई होत्या, कंग्राळीच्या शेतकरी घरातल्या, दारात बैलजोडी असलेल्या. मोठ्या दवाखान्यात काढलेला जबड्याचा एक्स-रे बघून त्यांनी सांगितलं होतं, अकरा दात काही केल्या वाचणार नाहीत, बाकीचे सांभाळता येतील. मी त्यांना फोन केला आणि म्हणाले, "बाई, त्यांना सोळा सांगा." त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "असं खोटं मी सांगत नसते." मी म्हणाले, "खोटं नाही हो, पहिला आकडा आहे." शेतकऱ्याचीच पोर ती, तिला पटलं.

नुसतं बघून परत येऊ, असं कबूल करून मी आप्पांना घेऊन गेले. खुर्चीत बसल्यावर त्यांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर तोंड उघडलं. बाईंनी बराच वेळ बघितलं. सकाळी दात घासताना रक्त येतं का, हेही विचारलं, तर हे म्हणाले न्हाय. मग बाई म्हणाल्या, "आप्पा, सोळा काढायला लागतील."

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "सोळा? मग माज्याकडं ऱ्हायलं काय? एक काढायचा न्हाय."

"बरं. एक सांगा," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात किती?"

"वर?" आप्पांना हा प्रश्न म्हणजे अपमान वाटला. "वर एकबी नसतोय. नुसती हिरडी."

"मग खातो कसा?"

"जिभेनं वढतोय, खालनं दाबतोय, तोडतोय."

"आणि जुळलेल्या बैलाची किंमत वरचे दात नाहीत म्हणून तुम्ही कमी करता?"

आप्पा परत खुर्चीत टेकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, छताकडे बघितलं. एवढी वर्षं हजारो तोंडं बघून त्यांनी हा हिशेब कधी स्वतःवर केला नव्हता. मग सावकाश खांद्यावरचा टॉवेल काढला, बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली, बोटं धरून, बाहेरच्याला आकडा कळू नये म्हणून. यंत्राजवळ उभी असलेली नर्स घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हातानेच थांब म्हटलं.

टॉवेलखाली हालचाल सुरू झाली. आप्पांनी बाईंची चार बोटं धरली असावीत, कारण बाईंनी नकाराची मान हलवली. मग टॉवेल बराच वेळ हलत राहिला. आप्पांच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी हात सोडून उठायचं नाटक केलं, बाई ढळल्या नाहीत. शेवटी कापडावरूनच दिसलं, मूठ दाबली, म्हणजे पाच, परत मूठ दाबली आणि एक बोट धरलं. आप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "अकरा. ठरलं. वरचं जास्त काढायचं, खालचं कमी. आन् मागनं वाढवायचं न्हाय."

तीन खेपांत अकरा दात निघाले, प्रत्येक वेळी आधी औषध देऊन. आप्पांनी ते दात कागदाच्या पुडीत घरी आणले, उन्हात धरून एकेक नीट बघितला आणि म्हणाले, "असला माल मी इकू दिला नसता." चहाच्या टपरीवर मात्र सांगत सुटले, की डॉक्टरीण सोळावर अडून बसली होती, मी अकरावर आणलं. त्यांचा तो आनंद बघून मला आपल्या लबाडीचा फारसा पश्चात्ताप झाला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ बसले होते. ते टॉवेलची घडी घालत होते. मग एकदम म्हणाले, "सोळा म्हणायला तूच शिकवलंस न्हवं तिला?"

"व्हय, आप्पा."

"पयला आकडा लई सोपा दिलतास. वीस सांगायचं."

"तुमास्नी कळलं होतं, मग सौदा का केलासा?"

"तू पाच म्हयनं माज्यासाठी कुणाकुणाच्या पाया पडलीस, बगत होतो की मी. गिऱ्हाईक एवढं अडून बसलंय म्हंजे माल आगदीच टाकाऊ नसंल, आसं वाटलं." आणि ते टॉवेल न धरता हसले. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देणारा डॉक्टर तपासायला आला आणि म्हणाला, "आ करा." आप्पांनी केला आणि लगेच विचारलं, "कितीचा वाटतोय?" त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "छान आहे, काका, स्वच्छ आहे तोंड." आप्पा ऐटीत आत गेले.

आणि बाहेरही आले. त्यानंतर तीन वर्षं जगले. ब्रश तोंडात धरून सगळ्या गल्लीतून फिरायचे, फेस सांडत लोकांना उपदेश करायचे. कवळी फक्त लग्नाला घालायचे, पंगत बसली की काढून खिशात ठेवायचे. बाजारात परत उभे राहिले. दात गेलेल्या म्हाताऱ्याला बघून कोणी टाकाऊ जनावरांच्या मागच्या रांगेत पाठवलं नाही. उलट अर्ध्या बोळक्या तोंडाने सांगितलेला भाव लोकांना जास्त पटायला लागला. गेल्या वर्षी एका दुपारी पोटभर जेवले, पडले, ते उठलेच नाहीत. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, झडप चांगली चालली होती, पण तापात आणि त्या पाच महिन्यांत हृदय थकून गेलं होतं.

दातांच्या डॉक्टरबाई भेटायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "खरं तर हिरड्यांवर चार-पाच वर्षं आधी उपचार झाले असते, तर बहुतेक झडपेपर्यंत गोष्ट गेलीच नसती. पण रक्त येत नव्हतं म्हणाले, मग कळणार तरी कसं कोणाला?"

मी मान हलवली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

रक्त येत होतं. आमच्या अंगणात एकच नळ आहे. रोज सकाळी आप्पा तिथे तोंड धुवायचे आणि त्यांच्यानंतर मी भांडी घासायला बसायचे. फरशीवर लाल थुंकी पडलेली असायची. आप्पा पान खायचे, म्हणून मी म्हणायचे, पानाचं आहे. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, पान कुठून येईल, हे मला एक दिवसही सुचलं नाही. किळस यायची, म्हणून मी तांब्याभर पाणी ओतायचे आणि धुऊन टाकायचे. नऊ वर्षं. त्या दिवशी खुर्चीत ते न्हाय म्हणाले तेव्हा मला लख्ख आठवलं होतं, आणि तरी सासऱ्याला खोटं कसं पाडायचं म्हणून मी गप्प बसले होते. ज्या माणसाने मला बघताक्षणी माझी किडकी दाढ ओळखली, त्याचं रक्त मी रोज आपल्या हाताने धुऊन टाकत होते.

आता घरात कोणी तोंड धुवायला नळावर गेलं की मी जाऊन शेजारी उभी राहते. पोरगी वैतागते, नवरा चिडतो, सासूबाई तोंड फिरवून थुंकतात. मी हलत नाही. आधी बघते, आणि मगच पाणी ओतते.